उजवा गुणिले दोन

१

सोमवारी बारा मासे. हा नियम मी नोकरीला लागायच्या आधीपासूनचा आहे. टाकीवाला तीन नंबरच्या हौदातून जाळीने बारा मासे काढतो, बादलीतून आणून माझ्या टेबलापाशी ठेवतो, आणि मी त्यांचे डोळे तपासते. आमचं मत्स्यबीज केंद्र आहे, म्हणजे इथे माशांची पिल्लं वाढवून तळ्यांत सोडायला देतात. नाव मोठं आणि जागा एवढीशी. सहा गोल हौद, एक ऑफिस, मागे दोन-दोन खोल्यांची क्वार्टर्स आणि माझी प्रयोगशाळा. प्रयोगशाळा आपली म्हणायची. दोन टेबलं, एक बेसिन, एक मायक्रोस्कोप आणि बंद केल्यावरच बरं वाटतं असा एक पंखा.

डोळ्यांत काय तपासायचं, तर किडे. पुस्तकात त्यांना लांबलचक नाव आहे, आम्ही नुसतं किडे म्हणतो. आमचं पाणी तळ्यातून येतं आणि तळ्यात गोगलगायी आहेत. त्या गोगलगायींतून हे बाहेर पडतात, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक. माशाच्या कातडीतून आत शिरतात आणि थेट डोळ्याच्या भिंगात जाऊन बसतात. एवढा मोठा मासा सोडून त्यांना डोळ्याचाच पत्ता कसा सापडतो, देव जाणे. मग भिंग दुधाळ होतं. आंधळा मासा पक्ष्याला आयता मिळतो, किडे पक्ष्याच्या पोटात मोठे होतात, त्यांची अंडी विष्ठेतून पुन्हा पाण्यात. असा त्यांचा सुखाचा संसार.

मी मेलेल्या माशाचा डोळा कापून भिंग काढते. मिरीएवढं असतं. काचेवर ठेवून दाबते आणि मोजते. उजव्या डोळ्यातलेच मोजते. ह्याचं कारण आमचे पहिले साहेब. ते डावखुरे होते. ते मासा उलटा, म्हणजे डोकं उजवीकडे करून ठेवत, त्यामुळे उजवा डोळा वर यायचा. मासा पालथा करून दुसरा डोळा काढायचा त्यांना कंटाळा. ते म्हणाले, उजवा मोजा आणि दुप्पट करा. रजिस्टरमध्ये तसा रकानाच छापून घेतला, 'उजवा गुणिले दोन'. साहेब गेले, त्यांच्यानंतरचे चार साहेब गेले, रकाना राहिला. सव्वीस वर्षं मी तो इमानेइतबारे भरतेय.

२

नव्या मॅडम आल्याला दोन महिने झाले होते. माशांच्या डॉक्टर. वयाने माझ्या लेकीएवढ्या. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला मावशी म्हणतात, आणि कामं दोघी मिळून करतो.

त्या सोमवारी त्या माझ्या मागे उभं राहून बघत होत्या. मला कुणी मागे उभं राहिलेलं खपत नाही, पण बोलणार कोण?

"मावशी, डावा नाही मोजत?"

"जेवढे उजव्यात तेवढेच डाव्यात असणार, मॅडम. माशाला दोन्ही डोळे सारखेच."

"असणार ते बरोबर. पण कधी बघितलेत?"

आता सव्वीस वर्षांत बघितले नाहीत हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "बघूया की. त्यात काय!" आणि मासा पालथा केला.

उजव्यात एक्केचाळीस होते. डावं भिंग मी काचेवर ठेवलं, दाबलं, डोळा लावला. काहीच नाही. स्वच्छ. नव्या घराच्या खिडकीसारखं. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. दुसरा मासा घेतला. उजव्यात छत्तीस, डाव्यात शून्य. तिसऱ्यात बावन्न आणि शून्य. चौथ्यानंतर मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या. बाराव्या माशापर्यंत मी कापत गेले, त्या आकडे लिहीत गेल्या.

मग आम्ही बाकीच्या हौदांतले मासे मागवले. एक, दोन, पाच, सगळीकडचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत किडे होते, थोडे इकडे, थोडे तिकडे, जसे असायला हवेत तसे. म्हणजे माझा हात चुकत नव्हता. फक्त तीन नंबरच्या हौदातच डावा डोळा कोरा होता.

मला आधी हसू आलं. सव्वीस वर्षांची रजिस्टरं, शिक्क्यासह, आणि त्यातला प्रत्येक आकडा खऱ्याच्या दुप्पट! "माझी अब्रू गेली की हो मॅडम," मी म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पाण्यात किडे सगळीकडे सारखेच असतात, मावशी. मग एकाच बाजूने कसे शिरतील?"

३

घरी आमचे हे. ह्यांनी तीस वर्षं तीन नंबरच्या हौदावरच टाकीवाल्याचं काम केलं. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझी नोकरी आहे म्हणून क्वार्टर अजून आमच्याकडे आहे. दिवसभर खुर्चीत बसतात, रेडिओ ऐकतात आणि माझ्या कामात नाक खुपसतात.

ह्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. अकरा वर्षांपूर्वी हौदावर काहीतरी लागलं तेव्हापासून वाढत गेला आणि आता डोळा पार पांढरा झाला होता. आता डावाही अधू व्हायला लागला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, उजव्याचं ऑपरेशन आता करा, आणखी पिकला तर करता येणार नाही, आणि डावा गेला की घरात चाचपडत फिराल. तरी ह्यांची ना. मी चार वर्षं मागे लागले. रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. शेवटी गुरुवारची तारीख मिळवली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मला ह्यांना आंधळं झालेलं बघायचं नव्हतं. बस्स, बाकी काही नाही.

संध्याकाळी चहा पिताना मी ती रजिस्टरची गंमत सांगितली. ह्यांना अशा गोष्टी आवडतात. साहेबांची फजिती म्हटली की दोन दिवस हसतात.

हे हसले नाहीत. कप खाली ठेवला.

"सगळ्यांचा उजवाच?"

"बाराच्या बारा. आहे की नाही मजा?"

"हं."

मग बराच वेळ रेडिओ ऐकला. मी भांडी घासून आले तर म्हणाले, "गुरुवारचं रद्द कर."

"का म्हणून?"

"एका डोळ्याने चाललंय माझं."

"तुमचं चाललंय, माझं नाही चाललेलं. परवा चहा कपाच्या बाहेर ओतलात. काल दाराची चौकट लागली कपाळाला. उद्या डावा गेला म्हणजे मी नोकरी करू की तुमचा हात धरून फिरू?"

मी अशी बोलते. मनातलं पोटात राहत नाही माझ्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मान पूर्ण वळवून, डाव्या डोळ्याने. "बरं," म्हणाले. "तुला हवंय ना, कर." तीस वर्षांत माझ्या हट्टापुढे ह्यांचं काही चाललेलं नाही, आणि मला त्याचं कौतुकच होतं.

४

मंगळवारी मॅडम मला तीन नंबरवर घेऊन गेल्या. बाकीचे हौद उघड्यावर आहेत, तीन नंबर मात्र शेडमध्ये. पत्र्याचं छप्पर, उंचावर दोन खिडक्या, ओली फरशी. हौद माझ्या छातीएवढा उंच, गोल. मधोमध पाणी निघून जाण्याचा उभा पाईप, त्यावर जाळीची टोपी. काठावरून हौदात वाकलेला, तोंड पाण्यात बुडालेला लोखंडी नळ, त्यातून पाणी आत येतं. बाकी काही नाही. अगदी काही नाही. मी वर्षानुवर्षं तिथे जात होते, बादली उचलायला, कधी ह्यांचा डबा द्यायला.

पण उभं राहून मासे बघितले नव्हते.

सगळे मासे एकाच दिशेने फिरत होते. ते ठीक आहे. पाण्याला जशी धार तसे मासे. उजवा डोळा मधल्या पाईपाकडे, डावा भिंतीकडे. एकही मासा उलटा वळत नव्हता. मॅडमनी हात पाण्यात घालून एकाला अडवलं. तो थांबला, मागे मागे सरकला, पण वळला नाही.

"आणि हे बघा," मॅडम हळूच म्हणाल्या.

नळापाशी मासे रांगेत होते. मी रांग म्हणते कारण दुसरा शब्द नाही. एकेक मासा पुढे यायचा, नळाच्या तोंडाशी उजवा गाल लावायचा, थोडा वेळ तसाच राहायचा, मग बाजूला व्हायचा. की दुसरा पुढे. ढकलाढकली नाही. तळ्याचं पाणी त्या नळातून येतं, आणि पाण्याबरोबर किडे.

"घेतायत," मॅडम म्हणाल्या. "मुद्दाम घेतायत, मावशी. एकाच डोळ्यात."

"मासे आहेत हो ते," मी म्हटलं. "त्यांना काय कळतंय! ताजं पाणी गार लागत असेल गालाला."

हे मला पटलंही. मी तशी घाबरट नाही. पण बाहेर पडताना एक गोष्ट लक्षात आली. टाकीवाला शेडमध्ये शिरताना डोक्यावरचा टॉवेल उजव्या बाजूला ओढून घेत होता, घोड्याला झापड लावतात तसा. मी विचारलं, "हे काय?" तर म्हणाला, "घाम येतो." मग माझ्याकडे न बघता झाडू मारायला लागला.

बुधवारी मॅडमनी नळाला चार पदरी बारीक कापड बांधलं. पाणी येईल, किडे येणार नाहीत. आणि एक नंबरमधले वीस तरुण मासे, डोळे अगदी निर्मळ असलेले, शेपटीचं टोक छाटून तीन नंबरमध्ये सोडले. सोमवारी बघू म्हणाल्या.

५

गुरुवारी ऑपरेशन झालं. पाऊण तास लागला. मी बाहेर बाकावर बसून पंख्याची पाती मोजत होते.

डॉक्टर बाहेर आले ते खुशीत होते. "भिंग छान बसलंय. काळजी करू नका." मग म्हणाले, "हा वयाचा मोतीबिंदू नव्हता बरं का. मार लागून झालेला. काय लागलं होतं?"

"पाईपची क्लिप उडाली होती म्हणतात. अकरा वर्षं झाली."

"क्लिप नव्हे. बारीक, टोकदार काहीतरी. सरळ समोरून गेलंय." त्यांनी जरा विचार केला. "आणि एक सांगू? काही उडून आलं की माणूस आपोआप डोळा मिटतो. मार आधी पापणीला लागतो. ह्यांच्या पापणीवर ओरखडासुद्धा नाही."

मला त्याचा अर्थ लागला नाही. खोटं कशाला बोलू, लावून घ्यायचा नव्हता. भिंग छान बसलंय एवढंच मी ऐकलं.

शुक्रवारी सकाळी पट्टी काढली. समोरच्या तक्त्यावरची खालून दुसरी ओळ ह्यांनी घडाघडा वाचली. मला आनंद आवरेना. मी तिथेच डोळ्यांना पदर लावला तर परिचारिका हसायला लागली. लेकीला फोन केला. रिक्षात मी एकसारखी बोलत होते, ते दुकान दिसतं का, ती पाटी वाचा बघू. हे वाचत होते. मग आमच्या फाटकातून रिक्षा आत वळली, आणि ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"प्रखर वाटतंय का?" मी विचारलं.

"हो," म्हणाले. "प्रखर वाटतंय."

६

सोमवारी टाकीवाला बादली घेऊन आला नाही. मॅडमनीच निरोप पाठवला, मावशी शेडमध्ये या.

वीसही मासे जिवंत होते. हौदात फिरत होते, बाकीच्यांबरोबर, त्याच दिशेने. मॅडमनी जाळीने एक काढला आणि माझ्यापुढे धरला. शेपटीचं टोक छाटलेलं, आमचाच. डावा डोळा निर्मळ. उजव्या डोळ्याच्या जागी लाल खळगा होता.

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. एकमेकांचे डोळे खाल्ले असं वाटलं मला आधी. पण मग डावाही खाल्ला असता." त्यांनी नळाकडे बोट केलं. कापड जागच्या जागी होतं. कापडाच्या वर, नळाच्या गंजलेल्या कडेवर, खवले चिकटले होते आणि काहीतरी वाळलेलं.

"घासून काढले," मॅडम म्हणाल्या. "किडे मिळाले नाहीत म्हणून."

मी मधल्या पाईपाकडे बघितलं. जाळीची टोपी, थोडं शेवाळ, गोल फिरणारं पाणी. मी चांगली टक लावून बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. काही नव्हतं. मला खरंच काही दिसलं नाही, आणि तरी मान वळवताना मी ती डाव्या बाजूने वळवली. का, ते सांगता येत नाही.

मग एकदम मला ती पापणी आठवली. ओरखडासुद्धा नसलेली. हाताने वर धरल्याशिवाय पापणी अशी राहत नाही. डोळे मी दर सोमवारी कापते, मेलेल्या माशांचे, पण माशांना पापणी नसते. मी मॅडमना काही न सांगता घरी आले.

७

सकाळचे अकरा वाजले होते. हे खुर्चीत बसले होते. खुर्ची त्यांनी भिंतीला लावून ठेवली होती. उजवा खांदा भिंतीला अगदी चिकटलेला.

मी दार लावलं आणि समोर उभी राहिले. "डोळा तुम्ही स्वतः फोडलात," मी म्हटलं.

हे म्हणाले, "पाय भरून येतील. बस."

मी बसले.

"त्या वर्षी हौद धुवायला काढला होता," हे म्हणाले. आवाज रोजचाच, उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसा. "मासे दुसरीकडे हलवले. मधला पाईप काढून पाणी सोडून दिलं. मी काठावर बसलो होतो. पाणी गेलं सगळं. मधलं तसंच राहिलं."

"मधलं काय?"

"मी सरळ नाही बघितलं. उजव्या डोळ्याच्या कडेला होतं. सरळ बघितलं की नसतं. कडेला असतं. आणि मग घरी आलो तरी कडेला होतं." त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "इथे बसलं की भिंत असते मध्ये. पण भिंतीत आणि माझ्यात वीतभर जागा राहिली तरी तेवढ्यात मावतं."

"मला सांगायचं होतंत!"

"सांगून काय, तुलाही कडेला बघायला लावायचं? डोळा गेल्यावर बरं झालं होतं गं. खरंच बरं झालं होतं. अकरा वर्षं छान गेली."

मला रडू फुटलं. चार वर्षं मी भांडले होते, कुणासाठी? ह्यांच्यासाठी. आणि ह्यांनी एका शब्दाने मला थांबवलं नव्हतं, कारण थांबवायचं तर सांगावं लागलं असतं.

८

मी हातपाय गाळून बसणाऱ्यांतली नाही. आधी पट्टी बांधली. काळी, जाड, डॉक्टरांकडचीच. दोन दिवस ह्यांनी ती लावली. मग म्हणाले, पट्टीच्या आड डोळा उघडाच असतो. झाकल्याने बघायचा थांबत नाही, उलट दुसरं काही दिसत नाही म्हणून तेवढंच दिसतं. मी पट्टी काढली.

मग लेकीकडे गेलो. बसने चार तास. तिसरा मजला, भरपूर उजेड, खालच्या रस्त्यावर शाळेची मुलं. पहिला दिवस बरा गेला. मी मनात म्हटलं, चला, सुटलो, आता इथेच खोली बघू. दुसऱ्या दिवशी लेकीने जेवायला बोलावलं आणि ह्यांनी आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली. लेक म्हणाली, "बाबा असे काय बसलेत?" मी म्हटलं, "पाठीला आधार लागतो त्यांना." चौथ्या दिवशी परत आलो.

तेव्हापासून मी ह्यांच्या उजवीकडे बसते. भिंतीपेक्षा माणूस मध्ये असलेलं बरं वाटतं म्हणाले. रजा टाकली आहे. जेवताना उजवीकडे, झोपताना उजवीकडे, चालताना उजवीकडे हात धरून. ऑफिसातली माणसं चिडवतात, ह्या वयात काय एवढं प्रेम उतू चाललंय! मी पण हसते. मॅडम एकदा येऊन गेल्या. त्यांनी नळाचं कापड सोडलं आहे, मासे पुन्हा रांगेत उभे राहतात. त्या ह्यांच्याकडे आणि माझ्याकडे बघत राहिल्या, चहा अर्धाच प्यायल्या. बदलीचा अर्ज केलाय म्हणतात.

मागच्या बुधवारी हे म्हणाले, "तू करशील?"

"काय?"

"तुला सवय आहे. सव्वीस वर्षं तेच करतेस. मला पुन्हा नाही जमणार, माझे हात थरथरतात. गेल्या वेळी तीनदा प्रयत्न करावा लागला होता."

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी ओरडले. "चांगला डोळा! देवासारख्या माणसाने एवढं छान भिंग बसवून दिलंय, आणि मी... तोंडातून शब्द तरी कसा निघतो?" मी उठून आतल्या खोलीत गेले. मिनिटभरच. बाहेर आले तर हे खुर्चीतून उतरून भिंतीशी जमिनीवर बसले होते, उजवा गाल भिंतीला लावून, डोळे घट्ट मिटून. मी जाऊन पुन्हा उजवीकडे बसले. त्या दिवशी घरातल्या सुया, कात्र्या, सगळं कपाटात घालून किल्ली कमरेला लावली.

९

डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात. काल दुपारी चारचे थेंब घालत होते. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. ह्यांना खाटेवर उताणं झोपवलं, मी उजवीकडून वाकले, डाव्या हाताने पापणी वर धरली.

भिंगं बघण्यात माझा जन्म गेला. हे भिंग फार सुंदर आहे. स्वच्छ, जरासं चमकणारं. बाटली सरळ धरायची म्हणून मी जवळ गेले, आणि बुबुळात मला खिडकी दिसली, एवढीशी, चौकोनी. खिडकीपुढे मी, वाकलेली. माझ्या खांद्याशी कपाट. असा मी हिशेब लावला. मग लक्षात आलं की कपाट पलीकडच्या भिंतीला आहे.

ते माझ्यासारखंच वाकलेलं होतं. माझ्या उजव्या खांद्यावरून, मी काय बघतेय ते बघायला वाकावं तसं. एवढंच. ह्याहून जास्त मी बघितलं नाही, कारण मी नजर हलवली नाही. एक थेंब घातला. दुसरा घातला. हात हलला नाही. माझ्या उजव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी होतं. केसाची बट असेल असं मी मनाशी म्हटलं. केस मी घट्ट बांधले होते.

"झालं," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत होते, दोन्ही डोळ्यांनी. "दिसलं तुला."

"नाही."

"खोटं बोलू नकोस."

ह्यांनी माझं डोकं ओढून छातीवर धरलं आणि माझ्या उजव्या डोळ्यावर हाताचा पंजा झाकला. बोटांच्या फटींतून ऊन आत येत होतं, आणि उन्हाच्या कडेला ते होतंच.

"तुला कधी सांगायचंच नाही असं ठरवलं होतं," हे म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. मी ह्यांना रडताना कधी बघितलेलं नाही. काल ऐकलं.

"रडू नका," मी म्हटलं. "उद्या करू. मी करते तुमचं. दुखणार नाही, बघा तुम्ही."

बराच वेळ हे माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"माझं तू करशील गं," हे म्हणाले. "तुझं कोण करणार?"

मी डोळे मिटून तशीच पडून राहिले आणि चाचपडत बाटलीला झाकण लावलं.